पाणवठ्याचा अर्धा कागद

संभाजी माझा धाकटा भाऊ. तो गेला, त्याच्या तेराव्याला आमचा चुलतभाऊ बजरंग पोटभर जेवला, हातावर पाणी घेतले आणि म्हणाला, "गेनबादादा, कोथरूडच्या रानाचं काय करायचं?"

"करायचं काय त्यात? ते पाण्याचं रान हाय."

"पाण्याचं म्हंजे कुणाचं?"

मी पुढच्या पंगतीची पाने मांडायला लागलो. बजरंगने पंच्याला हात पुसले आणि दुसऱ्या कोणाशी पावसाच्या गोष्टी सुरू केल्या. तेव्हाच माझ्या मनात आले की हा गप्प बसणार नाही.

आम्ही पुण्याच्या कसब्यातले पाथरवट. संभाजीने सरकारी घाटाचे काम केले, त्याचे बक्षीस म्हणून त्याला कोथरूडच्या शिवेवर, पौडाच्या वाटेला लागून दहा बिघे रान मिळाले होते. कोकणातून मीठ घेऊन येणारे बैल त्याच वाटेने पुण्यात उतरत. संभाजीने तिथे विहीर बांधली, बैलांसाठी दगडी डोणी बसवल्या, माणसांसाठी छप्पर घातले. मग रानच धर्मादाय करून टाकले. रानात पिकेल त्यातून मोट, नाडा आणि मोटेचे बैल चालावेत, उरेल त्यावर त्याची बायको साळू हिने पोट भरावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजावे. मूलबाळ त्यांना नव्हते.

बजरंगचे म्हणणे असे की धर्मादाय वगैरे सगळे तोंडी. निपुत्रिकाचे रान भाऊबंदांचे. निम्मे त्याचे, निम्मे माझे. महिन्याभरात त्याने न्यायाधीशांच्या कचेरीत फिर्याद नेली आणि मला व साळूला बोलावणे आले.

मी कोथरूडला गेलो. साळू मोटेवर होती. तिने बैल सोडले, छपरात गेली आणि वेळूच्या नळीतून कागद काढून आणला. कोथरूडच्या कुलकर्ण्याच्या दप्तरात याची नक्कल होती, पण मोगलांच्या फौजेने पुणे जाळले त्या धामधुमीत ते दप्तरही जळाले आणि कुलकर्णीही पुढे वारला. साळूने हा कागद उखळाखाली पुरून ठेवला म्हणून वाचला.

"हा एवढाच हाय, भावजी," ती म्हणाली. "दुसरा नाही. हातातनं सोडू नका."

"काय लिवलंय ह्यात?"

"लिवलंय ते हायच. वाचून घ्या कुणाकडनं तरी." आणि ती पुन्हा बैलांकडे वळली.

मला तेव्हा अक्षर येत नव्हते. कागद हातभर लांब होता, दोन ताव खळीने डकवून केलेला. सांध्याच्या पाठीवर परगण्याच्या देशपांड्यांचा शिक्का. वर सगळे लिहिणे, खाली थोडे लिहिणे आणि मग निशाण्या. निशाण्या मात्र मला वाचता येत. ज्याला अक्षर येत नाही तो आपल्या धंद्याचे हत्यार काढतो, ही आमच्याकडची रीत. पाटलाचा नांगर होता, साळूची बांगडी होती, संभाजीची दगड घडवायची टाकी होती. आणि एक पखाल होती. पखाल म्हणजे हुसेन पखाली, कातडी पखालीतून पाणी वाहणारा, आमच्याच आळीच्या टोकाला राहणारा. त्याने साक्ष घातली होती आणि इतक्या वर्षांत मला एका शब्दाने बोलला नव्हता. मी बराच वेळ माझी टाकी शोधली. माझी निशाणी कागदावर नव्हती. सख्ख्या वडील भावाला साक्षीला बोलावले नव्हते.

कचेरीत माझ्या वतीने बोलणारा कोणी हवा होता. आधी चावडीपुढे बसणाऱ्या कारकुनाकडे गेलो. त्याने माझे पुरते ऐकूनही घेतले नाही.

"धर्मादाय ना? आठ दिवसांत निकाल. शास्त्रीबुवा आपल्या घरचे आहेत."

"आणि उलटा लागला तर?"

"उलटा लागायला तो काय अंगरखा आहे?"

बाजूचे हसले. मी उठलो. न ऐकता जिंकून देणारा माणूस दुसऱ्या पक्षालाही तेच सांगत असणार.

मग पेठेतल्या एका भटजींकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले, डोळे मिटले आणि म्हणाले की धर्मादाय पाण्यापेक्षा देवाच्या नावाने केलेला जास्त टिकतो, आणि त्यांच्या आळीतल्या देवळाला जमीन नाही. मी पाया पडून बाहेर आलो.

शेवटी हुसेननेच अडवले. तो रोज सकाळी कचेरीपुढे पाण्याचा सडा घालतो.

"कुठं भटकतोस, गेनबा? अनंतपंतांकडं जा. पूर्वी कचेरीत कारकून होते. आता लोकांचे कज्जे बोलतात."

"तुला कसं ठाऊक?"

"रोज तिथं असतो. पखाल्यासमोर कुणी आवाज कमी करत नाही. कोण आत काय बोलतो, बाहेर काय बोलतो, सगळं कानावर पडतं. पंत दोन्हीकडं एकच बोलतात. म्हणून त्यांच्याकडं गर्दी नसते."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. ज्याची पखाल कागदावर आहे तोच मला वकील दाखवतो आहे. यात काय असेल ते असो, पण काहीतरी होते.

रात्रभर विचार करून सकाळी मी एक गोष्ट केली. ओले फडके सांध्यावर धरले, खळ सुटली, आणि कागदाचे दोन तुकडे केले. वरचा तुकडा पंतांना द्यायचा. खालचा, निशाण्यांचा, आपल्याजवळ ठेवायचा. अक्षरे त्यांना वाचता येतात, त्यांनी अक्षरे ठेवावीत. निशाण्या मला वाचता येतात, त्या माझ्या कमरेला. अर्ध्या कागदाने कोणी कोणाला बुडवू शकणार नाही. साळूने हातातून सोडू नका म्हटले होते, तेही पाळल्यासारखे होईल. मला स्वतःच्या अकलेचे कौतुक वाटले.

अनंतपंत ओटीवर बसून सुपारी कातरत होते. बारीक माणूस, आवाज कोरडा. मी कागद पुढे केला. ते मनात वाचू लागले.

"मोठ्यानं वाचा, पंत."

"वाचतो. पण मी लिहिलेलं वाचतो की मनातलं, हे तुला कसं कळणार?"

"त्येच तर."

"मग वकील कशाला शोधतोस? वाचणारे दोन-चार जण मागे घेऊन हिंड." तरी त्यांनी मोठ्याने वाचले. रानाच्या चतुःसीमा, विहीर, डोणी, मोट, साळूचे पोट. मग थांबले. कागद उलटा केला. "हा शिक्का अर्धाच आहे."

"तसाच उठला आसंल."

"देशपांड्यांचा हात एवढा कापत नव्हता. आणि मजकूर 'सबब' म्हणून थांबला आहे. सबब काय?"

"तेवढाच हाय कागद."

पंतांनी माझ्याकडे पाहिले. मी कमरेवरचा हात काढला नाही, आणि त्यांनी तो हातही पाहिला.

"गेनबा, कचेरीत मी कागदाच्या बाजूने बोलतो, माणसाच्या बाजूने नाही. माणसं फिरतात. उरलेला कागद आण. बोलावण्याला सात दिवस आहेत."

"तुमचं काय द्यायचं?"

"निकाल लागल्यावर दाराला एक पायरी बसवून दे. ही झिजली आहे, पाहुणे पडतात."

एका पायरीवर कज्जा लढणारा माणूस मी पाहिला नव्हता. वाटेत मनाशी हिशेब जुळवला. हुसेनने पाठवले, पंत पैसे मागत नाहीत, म्हणजे दोघांनाही खालचा तुकडा हवा असणार. पायरी म्हणे.

पण त्या 'सबब'ने मला चैन पडू देईना. तिसऱ्या दिवशी खालचा तुकडा घेऊन मी पुन्हा चावडीपुढच्या कारकुनाकडे गेलो. कज्ज्याचे बोललो नाही, नुसते वाचून दे म्हटले. त्याने वाचले. वाचता वाचता एकदा वर पाहिले, पुन्हा खाली.

"काही नाही. साक्षीदारांची नावं, तिथी. शेवटी देवाचं नाव."

"एवढ्यासाठी पाच ओळी?"

"देव मोठा आहे, त्याला जागा लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंग माझ्या कामावर आला. एरवी मी बोलावले तरी न येणारा बजरंग दगडावर उकिडवा बसला आणि माझ्या घडाईची तारीफ करू लागला. मी टाकी चालू ठेवली.

"दादा, भांडण कशाला? निम्मं रान तुझं, मी म्हणतोच की. साळूवैनीला छपरात राहू दे मरेपर्यंत. विहीर हाय तिथंच ऱ्हाईल, ऊस लावू."

"आन् मिठाचे बैल?"

"बैलांना नदी हाय." तो जवळ सरकला. "फकस्त तो खालचा तुकडा चुलीत घाल. तुझ्याच भल्याचं हाय. तुझीच अब्रू वाचंल."

माझा हात थांबला. कागदाचे दोन तुकडे झाल्याचे मी कोणाला सांगितले नव्हते. साळूलासुद्धा नाही. खालचा तुकडा एकट्या चावडीपुढच्या कारकुनाने पाहिला होता. आणि माझी अब्रू त्या पाच ओळींत कुठून आली?

"बघतो," मी म्हणालो. तो गेल्यावर हत्यारे तशीच टाकून पंतांच्या ओटीवर गेलो आणि कमरेचा तुकडा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"सगळा वाचा. एक अक्षर सोडू नका."

पंतांनी आधी दोन्ही तुकडे सांधून पाहिले. शिक्का शिक्क्याला जुळला. त्यांचे तोंड एकदम कडू झाले.

"हे तू केलंस?"

"मी केलं."

"शिकलेल्या चोरालासुद्धा सुचलं नसतं." मग त्यांनी वाचले. मला तो मजकूर अजून पाठ आहे.

"सबब, या रानात माझा वडील भाऊ गेनबा याने अगर त्याच्या वंशाने हक्क सांगू नये व कारभार करू नये. त्याने माझे घडीव दगड आपल्या खुणेने मोजून दिले, ते मी विसरलो नाही. पाण्याचेही तसेच करील असे भय वाटते. दरसाल हुसेन पखाली याने विहीर व डोणी पाहाव्या आणि पाणी बंद पडल्यास गावास कळवावे."

पंत थांबले. मी म्हणालो, "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचले. तेच निघाले.

दगडांची गोष्ट खरी होती. घाटाच्या कामावर प्रत्येक पाथरवट आपल्या घडीव दगडावर आपली खूण करतो, संध्याकाळी त्या खुणा मोजून मजुरी ठरते. संभाजी तापाने चार दिवस पडला होता. त्याचे एकवीस दगड खुणेवाचून पडलेले होते. मी त्यांवर माझी खूण केली. घरात तेव्हा नड होती, असे मी वर्षानुवर्षे मनाला सांगत आलो. संभाजी उठून कामावर आला, दगडांवरून हात फिरवला आणि काही बोलला नाही. मला वाटले, त्याला कळले नाही. आपलाच हात पाथरवटाला ओळखू येत नाही, असे मी धरून चाललो होतो.

"आता काय?" मी विचारले.

"खालचा तुकडा जाळलास तर बजरंगच्या फिर्यादीप्रमाणे निम्म्या रानाचा धनी होशील. दोन्ही तुकडे कचेरीत नेलेस तर तुझ्या वाट्याला रान नाही आणि हे पाच ओळींचं बोलणं सगळ्यांसमोर वाचलं जाईल. मी दुसऱ्या गोष्टीत बोलेन. पहिल्या गोष्टीत तुला वकिलाची गरज नाही, काडी पुरेल." त्यांनी दोन्ही तुकडे उचलून माझ्या हातात दिले. ठेवून घेतले नाहीत. मी तेवढ्यात त्यांच्या हाताकडे बारकाईने पाहिले, खरा कागदच परत देतात ना म्हणून. तसा स्वभाव.

तिथून हुसेनकडे गेलो. तो अंगणात पखालीला तेल चोळत होता.

"तुला ठाऊक होतं."

त्याने विचारले नाही काय म्हणून. "ठाऊक होतं."

"आन् गप बसलास?"

"काय सांगू? तुझा भाऊ तुला चोर समजतो, आणि तुझ्यावर नजर मला ठेवायला सांगून गेलाय? मी स्वतः कचेरीत उभा राहिलो असतो तर पहिला तूच ओरडला असतास की पखाल्यानं रान गिळलं."

"ओरडलो असतो," मी म्हणालो.

"म्हणून वकील दाखवला." तो पुन्हा तेल चोळू लागला. "साळूवहिनीनंही तेच ठरवलं. ती म्हणाली, भावजींना आधी कळलं तर उभेच राहणार नाहीत."

म्हणजे या सगळ्यांनी मिळून मला ओळखले होते. मला राग यायला हवा होता. आला पण. पण तो कोणावर काढावा हे कळेना, तेव्हा घरी गेलो.

चुलीत जाळ होता. बायको भाकरी करत होती. मी तिच्या शेजारी बसून राहिलो, ते तिला विचित्र वाटले. दहा बिघ्यांतले पाच बिघे. विहिरीचे पाणी बारमाही. आमच्या घरात कोणाच्या नावाने कधी एक बिघा नव्हता. बजरंगला ऊस लावायचा होता आणि ऊस सगळे पाणी पिणार होता. वैशाखात घाट चढून आलेला बैल डोणीत तोंड घालतो तेव्हा त्याच्या मानेची शीर कशी हलते ते मी पाहिले आहे. मधली डोणी मीच घडवून दिली होती, संभाजी नको नको म्हणत असताना. तेव्हा वाटले होते, भिडेने नको म्हणतो.

"जेवता की नुसतं जाळाकडं बघता?" बायको म्हणाली.

मी जेवलो. कागद कमरेलाच राहिला.

बोलावण्याच्या दिवशी कचेरीत न्यायाधीशांच्या हाताखालचे एक तरुण शास्त्री बसले होते. कसब्यातले सात-आठ पाथरवट बजरंगने मुद्दाम आणले होते. साळू दाराशी बसली होती, हुसेन पायरीखाली.

सकाळी मी पंतांना दिलेला वरचा तुकडा त्यांनी पुढे ठेवला. बजरंग लगेच उठला. "सरकार, फाटका कागद हाय. खालचा कुठाय? आमचं म्हणणं, मुळात खोटा हाय."

त्याने माझ्याकडे पाहिले. अजून त्याला वाटत होते की मी जाळला.

मी कमरेचा तुकडा काढून ठेवला. बजरंगचे तोंड पाहण्यासारखे झाले. शास्त्र्यांनी शिक्का जुळवला, मजकूर आधी स्वतःशी वाचला, मग मोठ्याने. पाथरवटांत कुजबुज झाली. माझ्या पाठीमागे कोणीतरी "एकवीस?" असे म्हणाले, जरी आकडा कागदात नव्हता. म्हणजे तेही माहीत होते.

"सांधा कोणी सोडवला?" शास्त्र्यांनी विचारले.

"मी."

"का?"

"वकिलावर भरवसा नव्हता."

सगळे हसले. पंत शांतपणे म्हणाले, "सरकार, आज ह्याने पहिल्यांदाच विचारल्याबरोबर खरं सांगितलं आहे, ते लिहून घ्यावं."

शास्त्री हसले नाहीत. "सांधा सुटलेल्या कागदावर हुकूम होत नाही. कागद गेला असं समजा. आता माणूस उरतो. गेनबा, मयताचा सख्खा भाऊ तू. तू असताना चुलतभावाचा हक्क तुझ्यामागून. तू सांगशील की भावाने रान पाण्याला दिलं आणि माझा हक्क नाही, तर आम्ही नवा कागद करू. पण भावाने तुझ्याविषयी लिहिलं आहे, ते खरं की खोटं?"

"त्याचा रानाशी काय संबंध?" मी म्हणालो.

"त्याने तुला रानातून काढण्याचं कारण तेच दिलं आहे. कारण खोटं असेल, तर भावाने रागाने लिहिलं असं धरू. मग दानही रागाने केलं असं बजरंग म्हणेल, आणि मला त्याचं ऐकावं लागेल."

मी पंतांकडे पाहिले. ते कागदाकडे पाहत होते. माणसाच्या बाजूने बोलत नाही म्हणाले होते, ते खरेच होते. मागे आळीतले सगळे होते. त्यांच्याबरोबरच मला उद्या दगड फोडायचे होते आणि संध्याकाळी खुणा मोजायच्या होत्या.

"खरं हाय," मी म्हणालो. "दगड त्याचे होते. खूण मी केली. रान पाण्याचं. माझा काही हक्क नाही."

बजरंग काहीतरी बोलू लागला, पण त्याला खाली बसवले.

कारकुनाने तिथेच नवा कागद लिहिला. शास्त्र्यांनी संभाजीच्या ओळी जशाच्या तशा घालायला सांगितल्या, कारण धर्मादायाच्या अटी बदलता येत नाहीत. लिहून झाल्यावर कारकुनाने दौत पुढे सरकवली. "काढ निशाणी."

"आधी वाचून दाखवा."

त्याने वाचले. मी म्हणालो, "आता दुसऱ्यानं वाचा. हे ह्यांचंच अक्षर हाय."

"अरे, काय चाललंय?" कारकून चिडला. पण शास्त्र्यांनी मान हलवली. दुसऱ्या कारकुनाने वाचले. मग मी तिसरा मागितला. तिसरा पाणी प्यायला गेला होता, त्याला बोलावून आणले. तो नवा होता, त्याला मागचे काही ठाऊक नव्हते, म्हणून त्याने सगळ्यात मोठ्याने आणि स्पष्ट वाचले. माझा वडील भाऊ गेनबा याने हक्क सांगू नये. पाण्याचेही तसेच करील असे भय वाटते. दाराशी साळूने पदर तोंडाला लावला. 

तिघांचेही तंतोतंत जुळले. कुठे एक शब्द इकडेतिकडे नव्हता. मी दौतीत बोरू बुडवला आणि टाकी काढली, जुन्या कागदावरून उतरवलेल्या संभाजीच्या टाकीपासून चार बोटे खाली.